वाळीत टाकलेला विचार



साहित्य मेळाव्याच्या अध्यक्षाने मराठीचा गौरव करावा, आयोजकांचे आभार मानावेत आणि खाली बसावं, अशी रीत आहे. आभार मी मनापासून मानतो. गौरव आज बाजूला ठेवतो, कारण मला भांडायचं आहे. आपल्या साहित्यिक मेळाव्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘लोकांना विचार करायचाच नसतो.’ बोलणारा स्वतःला त्या लोकांत धरत नाही. समोरचे टाळ्या वाजवतात, तेही स्वतःला धरत नाहीत. या वाक्याशीच माझं भांडण आहे.

बारकाईने विचार करणं आपण टाळतो, हे मला मान्य आहे. पण बुद्धी कमी पडते म्हणून टाळतो, हे मला मान्य नाही. पुरावा याच नागोठण्यात आहे. पावसाळ्यात अंबा नदीचं पाणी आपल्या बाजारात आणि एसटी स्थानकात शिरतं. शिकलेल्या माणसाला कारण विचारा, तो एका वाक्यात मोकळा होतो. कुणी कंपनीचं नाव घेतो, कुणी सरकारचं, कुणी नुसतं आभाळाकडे बोट दाखवतो. आता खाडीवर पोट असलेल्या कोळ्याला विचारा. तो आधी तिथी विचारेल. उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची छोटी? भरती किती वाजता लागते? वर पालीकडे, घाटमाथ्याला पाऊस कसा आहे? घाटावरून येणारा लोंढा आणि धरमतरच्या खाडीतून वर चढणारी भरती एकाच वेळी समोरासमोर आली, तर नदीने जायचं कुठे? त्यात पाणी पसरायच्या जागा आपण भराव टाकून बुजवल्या असतील, तर काय होणार? चार कारणं, त्यांचा एकमेकांशी संबंध आणि वेळेचं गणित हा माणूस एका दमात मांडतो. जुलै १९८९मध्ये याच अंबेने जांभूळपाड्यात माणसं नेली. त्या नदीच्या काठी एका वाक्याचं उत्तर देणं हा निव्वळ आळस नाही, तो धोका आहे.

मग ज्या समाजात असा कोळी आहे, तो समाज चावडीवर, सभेत, निवडणुकीत एका वाक्यावर का येतो? माझं उत्तर कडवट आहे. आपल्याकडे विचार करणाऱ्याला शिक्षा होते.

रायगड जिल्ह्यात मी हे सांगावं, याची लाज आपल्या सर्वांना वाटली पाहिजे. गावकीचा निर्णय मानला नाही म्हणून कुटुंब वाळीत टाकायचं, त्यांच्याशी बोलणाऱ्याला दंड लावायचा, लग्नकार्याला आणि मयतालाही जायचं नाही, अशा प्रकरणांनी आपल्या जिल्ह्याचं नाव महाराष्ट्रभर झालं. शेवटी सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१६चा हा कायदा जुलै २०१७मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा आला, पण सवय गेली का? आज वाळीत टाकायला गावकीची बैठकही लागत नाही. ‘तू नक्की कुणाच्या बाजूचा?’ एवढा एक प्रश्न पुरतो. पक्षात हाच प्रश्न, जातीच्या मंडळात हाच, आणि साहित्याच्या वर्तुळातही हाच. ‘दोन्हींत थोडं तथ्य आहे’ असं म्हणणाऱ्याला दोन्हीकडचे लोक गद्दार ठरवतात. मग शहाणा माणूस गप्प बसायला शिकतो. गप्प बसून बसून पुढे त्याला विचार करायचीही गरज वाटत नाही. यालाच आपण लोकांचा आळस म्हणतो.

गणेशमूर्ती घडवणाऱ्या पेणचं उदाहरण घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०मध्ये बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणी कडक करायला सांगितली. पुढे तज्ज्ञांच्या काकोडकर समितीच्या अहवालानंतर, जून २०२५मध्ये, मूर्ती घडवायला मोकळीक मिळाली आणि वाद विसर्जनापाशी येऊन ठेपला. या काळात आपण काय बोललो? एक बाजू म्हणाली, हा धर्मावर घाला आहे. दुसरी म्हणाली, कारखानदार निसर्गाचे वैरी आहेत. प्लास्टर पाण्यात सहजी विरघळत नाही, हे खरं. शाडूची माती लवकर विरते, पण तिचा गाळ तळाशी बसतो, हेही खरं. शाडू गुजरातेतून आणावा लागतो. त्याची मूर्ती जड होते, वाळायला वेळ घेते, प्रवासात भंगते, हेही खरं. रंगांतले विषारी घटक दोन्ही मूर्तींवर चढतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटने प्लास्टर विरघळवण्याची पद्धत दिली आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत बारा महिने राबणाऱ्या बाईची मजुरीही याच प्रश्नात आहे. या सगळ्या गोष्टी एका सभेत, एका माणसाने मांडलेल्या तुम्ही ऐकल्यात? ज्याने मांडल्या असत्या, त्याला दोन्ही गटांनी फाडून खाल्लं असतं.

काही मानसशास्त्राचे अभ्यासक म्हणतील, विचारापासून पळणं हा मनुष्यस्वभावच आहे. अमेरिकेत २०१४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसायचं होतं. अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा बायकांनी त्यापेक्षा स्वतःला विजेचा झटका देऊन घेणं पसंत केलं. प्रयोग मी मानतो. पण तिथे माणूस रिकाम्या खोलीत एकटा होता. माणसं एकत्र बसून, आपल्या जगण्याच्या प्रश्नावर विचार करतात तेव्हा काय होतं, हे पाहायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही.

अलिबागजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी ठरवलं की खोताची जमीन पेरायचीच नाही. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांचा तो संप सहा वर्षं चालला. जमीन न पेरणं म्हणजे स्वतःच्याही पोटावर पाय देणं. तरी लाकूडफाटा विकून त्या माणसांनी दिवस काढले. १९३४मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. १९३७मध्ये ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघालं. १९३९च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण मिळू लागलं. नुसत्या संतापावर माणूस सहा वर्षं उपाशी राहत नाही. खंड, कबुलायत, कायदा आणि भूक यांचा हिशेब ती माणसं रोज मांडत होती, आणि त्यांतल्या अनेकांना सही करता येत नव्हती.

दुसरा पुरावा आपल्याच पेण तालुक्यातला. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी जाणार होत्या. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारी देखरेखीखाली शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. एका बाजूला रोख पैसा आणि नोकरीचं आश्वासन, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी आणि दुबार पिकाची आशा. शेतकरी चळवळीतले एन. डी. पाटलांसारखे लोक त्याआधी गावोगाव फिरले. कौल भूसंपादनाच्या विरोधात गेला आणि ते संपादन मुदतीत पूर्ण झालं नाही. तुम्हाला तो कौल चुकीचा वाटत असेल. वाटू द्या, त्यावर आपण वाद घालू. पण त्या लोकांनी विचार केला नाही, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

म्हणून माझा आरोप शेतकऱ्यावर किंवा कोळ्यावर नाही. तो आपल्यावर आहे: लेखकांवर, शिक्षकांवर, पुढाऱ्यांवर, पत्रकारांवर. विचार करायला माणसाला वेळ लागतो, खरी माहिती लागते आणि मत बदलण्याची मुभा लागते. या तीनही गोष्टी देणं आपल्या हातात होतं. आपण लोकांना घोषणा दिल्या. मत बदलणाऱ्याला ‘पलटला’ म्हणून हिणवलं. ‘मला अजून ठरवता येत नाही’ असं वर्गात म्हणणाऱ्या मुलाला शून्य मार्क दिले.

या मेळाव्याने आज तीन गोष्टी ठरवाव्यात. पुढच्या वर्षी इथे नागोठण्याच्या पुरावर एक पूर्ण सत्र व्हावं, आणि त्यात कोळी, शेतकरी, व्यापारी, कंपनीचा अभियंता आणि पाटबंधारे खात्याचा अधिकारी एका रांगेत बसावेत. प्रत्येक वक्त्याने आपलं म्हणणं मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं, त्याला पटेल अशा शब्दांत, मांडून दाखवावं. आणि ज्याचं मत चर्चेत बदललं, त्याने उभं राहून ते सांगावं. त्याच्यासाठी पहिली टाळी अध्यक्षाने वाजवावी. हे जमणार नसेल, तर पुढच्या वर्षी मंडप घालू नका. आणि ‘लोक विचार करत नाहीत’ हे वाक्य तर कुणीही, पुन्हा कधीही, उच्चारू नका.