नवाचा ताळा आणि कापरेकरांची संख्या



१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या फळ्यावर लिहिली, तर परंड्याचे किंवा कळंबचे शाळकरी मूलही ती पाठ म्हणून दाखवील. अंक एकापासून नऊपर्यंत चढतात आणि त्याच पायऱ्यांनी उतरतात. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय. उभा गुणाकार मांडला की एकाच ओळी एकेक घर डावीकडे सरकत नऊ वेळा येतात. कडेच्या घरात एक, मधल्या घरात नऊ, आणि हातचा कोठेच नाही. दहा एकांचा वर्ग करताच मध्ये दहा जमतात, हातचा येतो आणि चढण मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले, तेही एका रेल्वे स्थानकावरून. आजचे ते डोंबिवली. १९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती जगभर झाली. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, म्हटले. वरील सतरा अंकांची बेरीज ८१. मूळ १११११११११ ला नऊने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जातो. डेम्लो संख्या हर्षदही ठरते!

नऊचा हा गुण दप्तरातही उपयोगी आहे. १०, १००, १००० यांतून एक वजा केला की नऊची पटच उरते. म्हणून संख्येला नऊने भागून जी बाकी राहते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही राहते. हाच नवाचा ताळा. २०११ च्या जनगणनेत धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात पुरुष ८,६१,५३५ होते. अंकांची बेरीज २८, ताळा १. स्त्रिया ७,९६,०४१, बेरीज २७, ताळा शून्य. एकूण १६,५७,५७६, बेरीज ३७, ताळा १. जुळला.

परंतु घाईत एकूण १६,७५,५७६ असे उतरले गेले तर? अठरा हजार माणसे कागदावर वाढतात आणि ताळा तरीही १ च येतो. अंकांची अदलाबदल ही नेहमीची लेखनचूक, आणि नेमकी तीच नवाच्या हातून निसटते.

तेथे अकराचा ताळा घ्यावा. उजवीकडून पहिला अंक मिळवावा, दुसरा वजा करावा, असे शेवटपर्यंत जावे. उत्तर ऋण आले तर त्यात अकरा मिळवावेत. पुरुषांचा ताळा ४, स्त्रियांचा ४. म्हणून एकूणाचा ८ यावयास हवा. १६,५७,५७६ चा ८ येतो. १६,७५,५७६ चा १ येतो, आणि चूक उघडी पडते. पाणीपट्टीच्या वहीतील बेरजांनाही हे दोन्ही ताळे असेच लावता येतात.