वसाहत आखता येते, गाव वसावे लागते



दुर्गम उत्तर प्रदेश, सीमांत प्रदेश असे शब्द कानी पडले की डोळ्यांसमोर बर्फ, पहाऱ्यावरचा जवान आणि नकाशावरची रेषा उभी राहते. त्या रेषेच्या अलीकडे चूल पेटते की नाही, कडेवर तान्हे मूल असलेली एखादी माउली तिथे संसार मांडायला तयार आहे की नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः सैनिकाची बदली होते, अधिकारी मुदत संपली की परततो. मागे उरते ती नांदणारी कुटुंबे. तीच निघून गेली तर भूमी आपली असूनही ओस पडते.

म्हणूनच गेल्या शतकात काही शासनांनी तरुण कुटुंबांना दूर उत्तरेत नेऊन वसवण्याचे प्रयोग केले. त्यांतील दोन प्रयोग शेजारीशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. एक अमेरिकेने १९३५ साली अलास्कात केला, दुसरा कॅनडाने १९५३ साली आर्क्टिकमध्ये. दोन्हींकडे योजना होती, जहाज होते, आश्वासने होती. तरीही एकातून नांदते गाव उभे राहिले, तर दुसऱ्याबद्दल शासनाला सत्तावन्न वर्षांनी जाहीर क्षमा मागावी लागली. हा फरक कशाने पडला, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मॅटनुस्काच्या खोऱ्यात

१९२९ नंतरच्या महामंदीने अमेरिकेतील लक्षावधी शेतकरी देशोधडीला लागले होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या शासनाने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांच्या उत्तर भागातून, सरकारी मदतीवर दिवस काढणारी सुमारे दोनशे कुटुंबे निवडली. हीच राज्ये निवडण्यामागे विचार होता : तिथल्या माणसाला हिवाळा नवा नव्हता. दांपत्ये बहुतांशी तरुण, अंगमेहनतीला तयार आणि लेकुरवाळी. त्यांना जायचे होते अलास्कातील मॅटनुस्का खोऱ्यात, अँकरेजपासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पामर या ठिकाणी. हे खोरे मुळात निर्मनुष्य नव्हते; देनाइना आणि अहत्ना या मूळ निवासी समाजांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी होती, याचेही स्मरण ठेवले पाहिजे.

प्रत्येक कुटुंबाला साधारण चाळीस एकर जमीन आणि घर, गोठा, जनावरे यांसाठी सुमारे तीन हजार डॉलर्सचे कर्ज तीस वर्षांच्या मुदतीने मिळायचे होते. मे १९३५ मध्ये कुटुंबे आगगाडीने आणि जहाजाने येऊन पोहोचली. २३ मे रोजी चिठ्ठ्या काढून जमिनी वाटण्यात आल्या. चिठ्ठीत कोणाला काळीभोर सपाट जमीन लाभली, तर कोणाच्या वाट्याला घनदाट जंगल आले.

कागदावर सारे चोख होते. प्रत्यक्षात मात्र घरे बांधून तयार नव्हती, रस्ते नव्हते, विहिरी नव्हत्या. माणसे तंबूत उतरली. गोवर आणि स्कार्लेट ज्वराची साथ पसरली आणि काही बालके दगावली. रुग्णालयाची सोय योजनेत वेळेवर झालीच नव्हती; ती झाली मुले गमावल्यानंतर. जूनमध्ये काही वसाहतकऱ्यांनी थेट वॉशिंग्टनला तार करून गाऱ्हाणे मांडले. वृत्तपत्रांनी शासनाला धारेवर धरले, आणि मग कामाला वेग आला. थंडीपूर्वी बहुतेक कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले. घरांचे पाच नमुने ठरवले होते. त्यांतून प्रत्येक कुटुंबाने आपल्या पसंतीचे घर निवडले. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु परक्या मुलखात गृहिणीला स्वतःच्या घराचा आराखडा निवडता येणे, ही रुजण्याची पहिली पायरी असते.

निसर्गाने एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने हिरावले. उन्हाळ्यात एकोणीस तासांचा दिवस असल्याने कोबी, बटाटा, वाटाणा जोमाने येई. आजही पामरच्या जत्रेत अवाढव्य कोबीचे गड्डे स्पर्धेला मांडले जातात आणि २०१२ साली तिथे बासष्ट किलोहून अधिक वजनाच्या गड्ड्याने जागतिक विक्रम केला. पण बिगरहिमाचा काळ जेमतेम साडेतीन महिन्यांचा, आणि हिवाळ्यात हिमनद्यांच्या खोऱ्यांतून सुटणारे वारे अंग फोडून काढणारे. शिवाय पिकले तरी विकायचे कोठे? बाजारपेठ लहान आणि मुख्य भूमी समुद्रापलीकडे. वसाहतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून दूध आणि भाजीपाला एकत्र विकायला आरंभ केला. सहकाराचे मोल महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. १९४० पासून अँकरेजजवळ लष्करी तळ उभे राहू लागले, तेव्हा कुठे या मालाला खात्रीचे गिऱ्हाईक लाभले.

तरीही १९४० पर्यंत मूळ कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे निघून गेली. तीस वर्षांनी, १९६५ मध्ये, पहिल्या कुटुंबांपैकी जेमतेम वीस शिल्लक होती. केवळ आकडे पाहणारा याला अपयश म्हणेल. पण गेलेल्यांच्या जागी दुसरी कुटुंबे स्वेच्छेने आली. शाळा उभी राहिली; तिथल्याच झाडांच्या ओंडक्यांचे प्रार्थनामंदिर लोकांनी बांधले; १९३६ साली पहिली जत्रा भरली. आज पामर हे नांदते शहर आहे. ज्याला जमले नाही तो परत गेला, त्याला कोणी अडवले नाही. आणि म्हणूनच जो राहिला तो मनापासून राहिला.

परतीची वाट बुजली तेव्हा

आता दुसरे चित्र. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, क्युबेकच्या उत्तर भागात, इनुकजुआक नावाची इनुइट समाजाची वस्ती आहे. १९५३ साली कॅनडाच्या शासनाने तिथली काही कुटुंबे जहाजावर चढवली आणि सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फिओर्ड आणि रेझोल्यूट येथे नेऊन उतरवली. नव्या हवामानाची माहिती असावी म्हणून अधिक उत्तरेकडील पाँड इनलेटची काही कुटुंबे सोबत दिली. १९५५ मध्ये आणखी कुटुंबे गेली. एकंदर नव्वदच्या आसपास माणसे.

तिकडे शिकार मुबलक आहे, असे त्यांना सांगण्यात आले. मन रमले नाही तर दोन वर्षांनी परत आणू, असेही आश्वासन दिले गेले. ही कुटुंबे दोन वेगळ्या ठिकाणी विभागली जाणार आहेत, हे मात्र त्यांना प्रवासातच कळले. नातलगांची ताटातूट जहाजाच्या फळीवर झाली. उतरल्यावर ना घरे, ना पुरेसे साहित्य. पहिला हिवाळा तंबूत काढावा लागला. इनुकजुआकला हिवाळ्यातही सूर्य उगवतो. इथे तो कित्येक आठवडे क्षितिजावर येतच नाही. ओळखीची फळे नाहीत, पक्षी वेगळे, मस्क ऑक्सच्या शिकारीला बंदी. शिकारीत निष्णात असलेल्या बापाला आपल्या लेकरांसाठी पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकावे लागले.

ही माणसे बर्फाशी अनोळखी होती असे कोणी म्हणणार नाही. मॅटनुस्काच्या शेतकऱ्यांपेक्षा त्यांना उत्तर कितीतरी अधिक ठाऊक होती. तरीही त्यांच्या वाट्याला हद्दपारीची भावना आली, कारण दोन वर्षांनी परत आणण्याचे वचन पाळले गेले नाही. शीतयुद्धाच्या काळात त्या निर्जन बेटांवर देशाचा हक्क दाखवण्यासाठी आपल्याला जिवंत ध्वजस्तंभासारखे रोवण्यात आले, असे त्या समाजातील अनेकांचे म्हणणे आहे. १९८९ मध्ये शासनाच्या खर्चाने काही जण माघारी गेले. पण तोवर मुले तिथेच वाढली होती, त्यांचे संसार तिथे मांडले गेले होते. म्हणजे परतीने कुटुंबे दुसऱ्यांदा फुटली. १९९६ मध्ये एक कोटी डॉलर्सचा निधी देण्यात आला आणि १८ ऑगस्ट २०१० रोजी कॅनडाच्या शासनाने औपचारिक क्षमा मागितली.

आपल्यासाठी बोध

दोन्ही कथांत थंडी होती, हालही होते. महत्त्वाचा भेद हा की एकीकडे कुटुंबाला होकार देण्याचा, तक्रार करण्याचा आणि परतण्याचा अधिकार होता. दुसरीकडे तो नव्हता. शासन जमीन देऊ शकते, कर्ज देऊ शकते, रस्ता बांधू शकते. शेजार, विश्वास आणि आपलेपणा मात्र हुकूम काढून येत नाही.

भारतालाही हा विषय परका नाही. उत्तराखंडच्या पलायन आयोगाच्या पाहणीत २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाल्याचे आढळले. तिथल्या तरुणांना डोंगर नकोसा झाला असे मानणे अन्यायाचे ठरेल. मुलाची शाळा, पत्नीच्या बाळंतपणाला डॉक्टर आणि हाताला काम, या तीन गोष्टींपायी ते खाली उतरले. केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या व्हायब्रंट व्हिलेजेस कार्यक्रमात लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम आणि अरुणाचल येथील २,९६७ सीमावर्ती गावे समाविष्ट झाली. ही जाग स्वागतार्ह आहे. तथापि निधी किती खर्च झाला यापेक्षा, त्या गावांतील किती मुले गावच्याच शाळेत पाचवीत गेली, हा हिशेब अधिक खरा ठरेल.

समाजाचे काम इथूनच सुरू होते. दोन वर्षे का होईना, अशा गावी जाऊन शिकवणारा शिक्षक, दवाखाना चालवणारे डॉक्टर दांपत्य, तिथले लोकरीचे विणकाम बाजारापर्यंत पोहोचवणारा व्यापारी, हे लोक शासनाच्या यादीतून येत नाहीत. ते घराघरांतून यावे लागतात. आणि जे जातील, त्यांच्या घरच्यांनी त्यांना निरोप देताना एवढेच सांगावे : मन लावून राहा, तिथल्या लोकांकडून शिका, आणि जड गेले तर निःसंकोच परत या. असा निरोप घेऊन गेलेले कुटुंबच बहुधा तिथे टिकते.