पुढाऱ्यास काय विचारावें ?

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या वार्षिक सभेंत तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी साधा मराठी शाळेचा मास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत शिकलों तेंही मराठींतूनच. तेव्हां मोठ्या वक्त्यांसारखें अलंकारिक भाषण माझ्याकडून होणार नाहीं. आजचा विषयही मीं पुस्तकांतून काढलेला नाहीं. तो माझ्या वर्गांतील एका मुलीनें मला दिला आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं अतिवृष्टीनंतर एक मोठे पुढारी आपल्या भागांत पाहणीस आले होते, हें आपणांस आठवत असेल. रस्त्याच्या कडेला मोटार थांबली. वर्तमानपत्रांचे व दूरचित्रवाणीचे बातमीदार पुढें झाले. आपल्यांतील एक म्हातारे शेतकरी, कपाशी वाहून गेली तरी नुकसानीच्या यादींत नांव नाहीं म्हणून, अर्जाचा कागद पटक्यांत खोंचून उभे होते. ज्यांची भट्टी पाण्यांत गेली ते कुंभार बंधूही शेजारीं होते. पहिलाच प्रश्न आला, तो एका सिनेनटाच्या लग्नाविषयीं ! पुढारी हंसले. त्यांनीं वधूवरांस आशीर्वाद दिले, जुनी ओळख सांगितली, एक विनोदही केला. तेवढ्यांत पुढच्या गांवाची वेळ झाली व मोटार निघून गेली. अर्जाचा कागद पटक्यांतच राहिला.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत ती मुलगी मला म्हणाली, "गुरुजी, लग्न त्या नटाचं, मग विचारलं साहेबांना कशाला ?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा प्रयत्न करतों.

आपल्यापैकीं प्रत्येकाला दिल्लीस जाऊन राज्यकर्त्यांस जाब विचारतां येत नाहीं. नांगर सोडून, माग थांबवून जाणार कोण ? तें काम आपल्या वतीनें बातमीदार करतो. म्हणून त्याच्या हातांतील प्रश्न हा त्याच्या घरचा नव्हे. तो आपला आहे, त्याच्याकडे सोंपविलेला. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांनीं सांभाळली आहे, त्यांना हें समजावून सांगावयास नको. दोन तासांची पाळी मिळाली आणि दारें धरणाऱ्यानें पाणी ओढ्यांत सोडलें, तर "पाणी वाहत तर होतें ना ?" एवढ्यानें पीक उभें राहत नाहीं. प्रश्नांचेंही तसेंच आहे.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाहीं. ता. 26 ऑगस्ट 2025 रोजीं अमेरिकेंत अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांच्या मंत्रिमंडळाची बैठक कॅमेऱ्यांसमोर भरली होती. ती तीन तासांहून अधिक चालली. त्याच दिवशीं गायिका टेलर स्विफ्ट व तिकडच्या फुटबॉलचे खेळाडू ट्रॅव्हिस केल्सी यांचें लग्न ठरल्याची बातमी आली, आणि अध्यक्षांस त्याविषयीं विचारण्यांत आलें. त्यांनीं दोघांची स्तुति करून शुभेच्छा दिल्या. याच गायिकेनें 2024 च्या निवडणुकींत कमला हॅरिस यांस पाठिंबा दिला, तेव्हां तिचा आपण द्वेष करतों असें ट्रंप यांनीं जाहीर लिहिलें होतें; म्हणून पुष्कळांना या उत्तराची गंमत वाटली असेल.

पण दुसऱ्याच दिवशीं, 27 ऑगस्टला, आपल्या देशांतून तिकडे जाणाऱ्या पुष्कळशा मालावरील जकात 50 टक्के झाली. कापड, चामड्याच्या वस्तू, दागिने, कोळंबी यांना तिचा फटका होता. इकडे आपल्या सरकारनें गिरण्यांना आधार म्हणून परदेशी कापसावरील 11 टक्के जकात 19 ऑगस्टपासून उठविली होती. ती सवलत पुढें 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढविली. परदेशी कापूस स्वस्त झाला म्हणजे विदर्भ-मराठवाड्यांतील कापसाच्या भावावर दाब येतो, हें आपणांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. त्या बैठकींत दुसरे प्रश्न झालेच नाहींत, असें मी म्हणत नाहीं. परंतु लग्नाविषयींचें उत्तर मिळालें नसतें, तर कोणाचें काय अडलें असतें ? आणि जकातीविषयीं आणखी एक नेमका प्रश्न झाला असता, तर ? 

कोणी म्हणेल, घटकाभराच्या थट्टेनें काय बिघडतें ? तर दुसरें उदाहरण ऐका. ता. 22 जुलै 2009 रोजीं अमेरिकेचे तेव्हांचे अध्यक्ष बराक ओबामा यांनीं पत्रकार परिषद घेतली, ती आरोग्यविम्याच्या सुधारणेसाठीं. त्या देशांत त्या वेळीं साडेचार कोटींवर लोक विम्यावांचून होते. आजारपण आलें कीं घरदार गहाण. शेवटचा प्रश्न मात्र आला, तो हार्वर्ड विद्यापीठाचे नामांकित कृष्णवर्णीय प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना त्यांच्याच घरीं झालेल्या अटकेबद्दल. सर्व हकीकत आपणांस ठाऊक नाहीं, असें म्हणूनही अध्यक्षांनीं पोलीस मूर्खपणानें वागले असें सांगून टाकलें. झालें ! आरोग्याविषयीं जें सारें बोलले तें मागें पडलें, आणि चर्चा चालली ती त्या एका शब्दाची. दोन दिवसांनीं, आपले शब्द अधिक तोलून वापरतां आले असते, असें त्यांना सांगावें लागलें. आणि 30 जुलैला प्राध्यापक व तो पोलीस अंमलदार या दोघांना एकत्र बोलावून त्यांच्याबरोबर बिअर घेत बसावें लागलें.

आतां, तो प्रश्न मुळांत पोकळ नव्हता. काळ्या माणसाशीं पोलीस कसे वागतात, हें राज्यकर्त्यास विचारलेंच पाहिजे. परंतु तो एका प्रसिद्ध गृहस्थाचें नांव घेऊन विचारला गेला, म्हणून दोन माणसांची कागाळी झाली. ज्यांची नांवें कोणास ठाऊक नाहींत अशा हजारोंचें गाऱ्हाणें बाजूस राहिलें.

म्हणून प्रसिद्ध माणसांविषयीं पुढाऱ्यांस कधींच विचारूं नये, असा कायदा मी करीत नाहीं. 2023 सालीं विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया या नामांकित मल्लांनीं दिल्लीस जंतरमंतरवर धरणें धरलें. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर महिला मल्लांच्या लैंगिक छळाचा आरोप होता. अध्यक्षांनीं तो नाकारला. हे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे खासदार होते. मल्ल सर्वोच्च न्यायालयांत गेले, त्यानंतर 28 एप्रिलला पोलिसांनीं गुन्हे नोंदविले. येथें नांवें प्रसिद्ध, पण प्रश्न कायद्याचा. आणि आपल्या गांवच्या तालमींत उतरणाऱ्या प्रत्येक मुलीचा. असा प्रश्न राज्यकर्त्यांस दहा वेळां विचारला, तरी तो जास्त नाहीं.

तेव्हां कसोटी एवढीच. त्या गोष्टींत पुढाऱ्याच्या हातीं कांहीं सत्ता आहे काय ? सरकारचा पैसा, सरकारचा कायदा, सरकारचा अंमलदार त्यांत गुंतला आहे काय ? असेल, तर माणूस प्रसिद्ध म्हणून सोडूं नये. नसेल, तर माणूस प्रसिद्ध म्हणून विचारूं नये. पुढाऱ्याच्या घरगुती गोष्टी दिवाळी अंकांत फुरसतीनें छापाव्या. पाण्याच्या पाळींत नको.

उलट प्रकारही आपण पाहिला आहे. 2019 च्या लोकसभा निवडणुकींत 23 एप्रिलला मतदानाचा तिसरा टप्पा झाला, चौथा 29 एप्रिलला होता. मधल्या 24 तारखेस प्रधानमंत्री नरेंद्र मोदी यांची मुलाखत प्रसिद्ध झाली. घेणारे होते नट अक्षय कुमार. ती राजकारणाबाहेरची आहे असें आधींच जाहीर केलें होतें, आणि तींत आंबे खाण्याविषयींही प्रश्न होता. आंबा खाणें गुन्हा नव्हे, मुलाखत देणेंही नव्हे. पण मत देण्यापूर्वीं आपल्याला काय ऐकावयाचें होतें, आंब्याची चव कीं कांद्याचा भाव ? यांत एका पक्षास हिणविण्याचा माझा हेतु नाहीं. ज्याला मऊ गादी घातली जाईल तो तिच्यावर बसणारच, मग पक्ष कोणताही असो. विचारावयाचें तें गादी घालणाऱ्यास.

आणि गादी घालणाऱ्यांत आपणही आहोंत. पारावर वर्तमानपत्र आलें म्हणजे आपण पहिलें काय वाचतों ? खरें सांगतों, त्या नटाच्या लग्नाचा मजकूर मीं मास्तर असूनही आधीं वाचला, आणि नुकसानीच्या यादीची बातमी मागून. गिऱ्हाईक मागेल तोच माल दुकानदार ठेवतो. मग एकट्या दुकानदारास शिव्या कशाला?

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. यादींत नांव कां नाहीं, याची माहिती आम्हीं लेखी मागितली. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपये भरून कोणासही असें विचारतां येतें, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. शेवटीं नांव चढलें. पण तोंवर रबीचें बियाणें त्यांना उसनवारीनें आणावें लागलें. जें उत्तर रस्त्यावर दोन मिनिटांत मागतां आलें असतें, त्यासाठीं चार महिने गेले.

म्हणून माझी सूचना अशी कीं, या वाचनालयांत प्रश्नांची एक वही ठेवावी. ज्याची अडचण त्यानें तींत लिहावी. ज्यास लिहितां येत नाहीं त्याची शाळेंतील मुलांनीं लिहून घ्यावी. दर आठवड्यास त्यांतील एक प्रश्न वर्तमानपत्रांकडे पाठवावा. आणि बातमीदार गांवांत आला कीं चहाच्या आधीं ती वही त्याच्यापुढें ठेवावी.

त्या मुलीस माझें उत्तर इतकेंच : बाळ, लग्नाचा प्रश्न विचारला गेला याचें एक कारण हेंही, कीं आपण आपला प्रश्न त्यांच्या हातीं दिलाच नव्हता. वही मीं आणली आहे. ती टेबलावर आहे. पहिलें पान कोरें आहे. जातांना एकेकानें लिहावें, इतकें विनवून मी आपली रजा घेतों.