रस्टचं पहिलं विरजण

मालवणातून बोलतोय. तुमच्यातले बरेच जण फोनवरच कोडिंग शिकतायत. टर्मक्समध्ये 'पीकेजी इन्स्टॉल रस्ट' टाकलं, थोडा वेळ थांबलं, की रस्टचा कंपायलर हजर. पण हा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे तो तयार करायला आधीचा रस्ट कंपायलर हवा. त्याला त्याच्या आधीचा.

विरजणाचं असंच असतं ना? दही लावायला दही लागतं. घरातलं संपलं की आजी सांगायची, "शेजारणीकडसून जरा हाड." बहुतेक पॅकेज मॅनेजर हेच करतात. कुणीतरी आधीच बनवलेली बायनरी आणायची आणि तिच्यावर पुढचं लावायचं. चालतं की! पण त्या बायनरीत काय आहे, ते बघून कळत नाही.

युनिक्सवाले केन थॉम्पसन यांचं ट्युरिंग पुरस्काराचं भाषण १९८४ साली छापून आलं. त्यात त्यांनी एक भयंकर युक्ती सांगितली. कंपायलर असा बिघडवायचा की तो लॉगिनचा प्रोग्रॅम बनवताना त्यात गुपचूप चोरदरवाजा घालेल. आणि स्वतःचीच नवी प्रत बनवताना हीच खोडी त्या प्रतीतही घालेल. मग सोर्स कोडमधून खोडीच्या ओळी पुसून टाकायच्या. तुम्ही कोड कितीही वाचा, स्वच्छच दिसणार. खोडी फक्त बायनरीत, पिढ्यान्‌पिढ्या.

गीक्स नावाच्या पॅकेज मॅनेजरच्या लोकांनी यावर उपाय काढला: विरजण इतकं कमी करायचं की माणसाला ते वाचता येईल. २०२३ मध्ये ते ३५७ बाइटवर आले. हा एवढासा हेक्स-झीरो प्रोग्रॅम फक्त हेक्समधले आकडे वाचून बाइट लिहितो. त्यावर जरा मोठा असेंब्लर, मग छोटा सी कंपायलर, मग मेस, टिनीसीसी, जुना जीसीसी २.९५, आणि तिथून आजचा जीसीसी.

रस्टसाठी मात्र वेगळी वाट लागते. दही अजिबात नसेल तर काही जण दुधात मिरचीची देठं टाकतात, तसं. एमरस्टसी हा सी++ मध्ये लिहिलेला वेगळा कंपायलर आहे. रस्टची जी खासियत, ती बॉरो-चेकिंग, तो करतच नाही; कोड बरोबर आहे असं धरून चालतो. पण त्याच्यावर रस्ट १.५४ उभा राहतो. मग १.५५, १.५६... एकेक आवृत्ती चढत यायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि मशीन तापतं ते वेगळंच. माझ्या मते तरी ही मेहनत योग्य आहे.

अजून पूर्ण सुटका झाली होती असं नाही. २०२३ मध्येही ही साखळी चालवायला गाइलची सुमारे २५ एमबीची तयार बायनरी लागत होती, आणि खाली लिनक्स कर्नल होताच.

पुढच्या भागात टिनीसीसी बघू. तोवर हेक्स-झीरोची सोर्स फाइल उघडा. आकड्यांशेजारी कॉमेंट आहेत, फोनवरही वाचता येतात.