शेवटचं कडवं



भूमध्य समुद्राच्या काठी नेपल्स नावाचं शहर आहे. तिथं सान कार्लो हे संगीत नाटकांचं थिएटर १७३७ साली उघडलं. १८१६ मध्ये ते आगीत जळालं, तर राजानं वर्षाच्या आत पुन्हा बांधून घेतलं. आजही तिथं पडदा वर जातो. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचं थिएटर आठवलं. ते संध्याकाळी उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये भरून पुढच्या गावाला जातं.

मी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. 'कवठेकर' हे आडनाव तमाशाच्या बोर्डावर वाचत आम्ही लहानाचे मोठे झालो. गंगाराम कवठेकरांचा फड आमच्याच गावचा. आणि फडाफडांना गण, गवळणी, लावण्या, वग लिहून देणारे बी. के. मोमीन कवठेकर, म्हणजे बशीर कमरुद्दीन मोमीन, तेही आमच्याच गावचे.

आमचं कलेचं शहर म्हणजे जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव, विठाबाईंचं. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले टोप्या सावरत राहुटीत शिरतात, चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते. वगात काय आहे हे विचारणारा क्वचितच. "गाणी नवी आहेत ना?" एवढंच. रात्री खेळ आणि दुसऱ्या दिवशी उन्हात हजेरी. गावातल्या म्हाताऱ्यांना खरा रस हजेरीत. तिथं विजेचा झगमगाट नसतो, नुसता गळा आणि ढोलकी.

आता रात्री दहानंतर स्पीकरला बंदी. कायदा योग्यच आहे, आजारी माणसाला झोप हवी. पण जो वग मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचा, त्याला जागाच उरली नाही. मग कात्री लागते, आणि ती पहिल्यांदा लागते शेवटच्या कडव्याला. शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव असतं.

श्रोतेहो, हे नाव म्हणजे कवीचा सातबारा. सगनभाऊ जातीनं मुसलमान, राहणार जेजुरी, धंदा शिकलगाराचा, हत्यारांना धार लावायचा. उत्तर पेशवाईतला हा माणूस आपल्याला आज माहीत आहे तो लावणीत नाव गुंफलं म्हणून. आमच्या शेजारी श्रीगोंद्याला शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, त्याला पावणेचारशे वर्षं होऊन गेली. त्यामुळे मुसलमानानं गणपतीचा गण लिहिणं यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नव्हतं. मलाही नाही.

मी बी.ए. झालो, कविता करू लागलो, आणि एका हंगामी फडाला गण लिहून दिला. शेवटच्या कडव्यात माझं नाव घातलं. दोन हंगाम तो गाजला. तिसऱ्या वर्षी फडमालक घरी आले. चहा प्याले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "कवी, गण झकासच आहे. पण शेवटचं नाव तेवढं गाळू का? तुमच्याबद्दल काही नाही हो. पण हल्ली कोण कुठं काय काढील, सांगता येत नाही. माझ्यावर पन्नास माणसांचं पोट आहे."

मी "गाळा" म्हणालो. वाद घालायला हवा होता, पण पन्नास पोटांपुढं माझी दोन अक्षरं काढायची लाज वाटली. ते गेल्यावर आई आतून एवढंच म्हणाली, "तुझ्या बापानं ते नाव शाळेत घातलं होतं, ते काय खोडायला?"

२०२० आणि २०२१ ला यात्रा भरल्या नाहीत. त्याच २०२१ च्या नोव्हेंबरात मोमीन कवठेकर गेले. तमाशासाठी त्यांनी हयात घालवली, शासनाचा २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कारही त्यांना मिळाला. पण असे किती लिहिणारे असतील, ज्यांच्या वह्या फडाच्या पेटीत भिजल्या, कुणी उतरून घेतल्या नाहीत, आणि ज्यांची गाणी आज 'पारंपरिक' म्हणून गातात? पारंपरिक हा शब्द ऐकला की मी मनात म्हणतो, म्हणजे कुणाचं तरी नाव गाळलेलं.

यात्रा परत सुरू झाल्यावर एका गावात मी हजेरीला गेलो होतो. तोच फड. मंडपात म्हातारी माणसं, कडेला पोरं, वर कडक ऊन. सरदारानं माझा गण धरला. नाव गाळलेलाच. शेवटचं कडवं टाळून तो थांबला. ढोलकीवाला मात्र थांबेना. पांढऱ्या मिशांचा, जुना माणूस. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, सरदाराकडेही नाही. थाप चालू ठेवून त्यानं स्वतःच्या फाटक्या आवाजात ते कडवं उचललं, नावासकट. झीलकऱ्यांनी क्षणभर एकमेकांकडे बघितलं आणि मागून सूर दिला. पुढच्या रांगेतला एक आजोबा शेजाऱ्याला विचारत होता, "कुणाचं म्हणला रं?"