लहान नौकेसाठी लिथियम बॅटरी : नियोजनाचा एक पाठ

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



केरळमध्ये वेंबनाड सरोवराच्या एका काठावर वैकोम आणि दुसऱ्या काठावर तवणक्कडवू आहे. १९२४-२५ च्या सत्याग्रहामुळे वैकोमचे नाव आपल्या परिचयाचे आहे. या दोन धक्क्यांदरम्यान जानेवारी २०१७ मध्ये राज्य जलवाहतूक विभागाने ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर नौका सुरू केली. २० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशा या नौकेच्या छतावर २० किलोवॅट क्षमतेचे सौर फलक आहेत आणि आत सुमारे ५० किलोवॅट-तास क्षमतेची लिथियम बॅटरी आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट. नव्या तंत्रज्ञानाचे उदाहरण म्हणून ही नौका नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात नियोजनाचे उदाहरण अधिक दिसते. ठरलेला मार्ग, ठरलेले वेळापत्रक आणि मर्यादित वेग या तीन गोष्टी आधी निश्चित असल्यामुळेच इतकी लहान बॅटरी पुरते.

तेव्हा प्रारंभ मागणीपासून करावयाचा. याच सरोवरात चालणारी सहा-सात मीटरची एक नौका कल्पनेत घ्या. ५ नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर वेगाने जाताना तिची मोटर बॅटरीतून ४ किलोवॅट शक्ती घेते आणि ती दिवसाला ६ तास चालते, असे धरू. दिवसाची गरज झाली २४ युनिट. बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये. पाचवा हिस्सा राखीव ठेवावा. वारा प्रतिकूल असेल, प्रवासी अधिक असतील, तेव्हा हाच हिस्सा नौकेला धक्क्यापर्यंत आणतो. म्हणून क्षमता हवी ३० युनिट.

आता वेगाकडे पाहू. पाण्यातून जाणाऱ्या नौकेला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ वरून ४ नॉटवर आणला, तर ०.८ चा घन ०.५१; म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी. तेवढेच अंतर कापण्यास वेळ सव्वापट लागतो हे खरे, तरीही एकूण ऊर्जा २४ वरून सुमारे साडेपंधरा युनिटांवर येते आणि ३० ऐवजी २० युनिटांची बॅटरी चालते. दहा युनिटांची बॅटरी केवळ वेळापत्रक बदलून वाचली! पुरवठा वाढविण्यापूर्वी मागणी तपासावी, हे तत्त्व आपण सिंचनात आणि वीजनिर्मितीत वाचतो; येथे ते एका नौकेत दिसते.

रसायनाची निवडही वेळापत्रकच ठरविते. रात्रभर धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या नौकेला लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी योग्य. ती उष्णतेला तुलनेने स्थिर असते, तिच्यात कोबाल्ट वा निकेल लागत नाही आणि तीन हजारांच्या आसपास आवर्तने ती सहज देते. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची जल मेट्रोची गरज निराळी आहे. तेथे फेऱ्यांच्या मधल्या १०-१५ मिनिटांत चार्जिंग व्हावे लागते. म्हणून लिथियम टायटनेट प्रकार निवडला गेला. तो वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवतो, पण झटपट चार्ज होतो. शिसे-आम्लाची जुनी बॅटरी स्वस्त खरी. परंतु तिची निम्मीच क्षमता वापरणे हितावह असल्याने आपल्या नौकेत ती दीड टनाहून जड होईल. लिथियमचे वजन सुमारे ३०० किलो.

बॅटरीचा दाब किती असावा? १२ व्होल्टच्या मांडणीत ४ किलोवॅटसाठी ३०० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहील आणि मनगटाएवढ्या तारा लागतील. ४८ व्होल्टच्या मांडणीत, म्हणजे ३.२ व्होल्टचे १६ घट एका ओळीत जोडल्यास, तोच प्रवाह ८० अँपिअरच्या आत राहतो. प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अनिवार्य आहे. मात्र एखादा घट फार उतरला की ती सारा प्रवाह तोडते, आणि भर सरोवरात मोटर अचानक बंद पडणे हाही धोकाच. तेव्हा तोडण्यापूर्वी नावाड्याला इशारा मिळालाच पाहिजे. बॅटरीलगत फ्यूज, हाताशी मुख्य स्विच आणि तळाच्या पाण्यापासून दूर, कोरडी जागा यांवर काटकसर करू नये.

सौर फलकांविषयी उत्साह थोडा आवरावा लागतो. एक किलोवॅटच्या फलकांना पाच-सहा चौरस मीटर जागा लागते आणि त्यांतून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आपल्या नौकेवर दोन किलोवॅटच बसतील, म्हणजे ८ युनिट, गरजेच्या एक-तृतीयांश. ‘आदित्य’चे छत रुंद आहे, कारण ती दोन अरुंद सांगाड्यांवर उभी आहे. लहान नौकेला धक्क्यावरची वीज लागणारच. हिशेबाच्या सोयीसाठी फलक बाजूला ठेवू.

खर्चाकडे वळू. पुढील दर मी केवळ गणितासाठी धरीत आहे. बॅटरी प्रति युनिट क्षमता २०,००० रुपये, म्हणजे ६ लाख. डिझेल दिवसाला ८ लिटर, दर ९५ रुपये. चार्जिंगमधील तूट धरून वीज २७ युनिट, दर ८ रुपये. वर्षाला २५० दिवस. मोटर आणि नवे इंजिन यांची किंमत सारखी मानू. डिझेलचा वार्षिक खर्च १,९०,००० आणि विजेचा ५४,००० रुपये. बचत १,३६,००० रुपये.

हेच ६ लाख दहा वर्षांत फेडावयाचे असतील, तर ८ टक्के व्याजाने वार्षिक हप्ता सुमारे ८९,००० रुपये पडतो. १२ टक्क्यांनी तो १,०६,००० होतो, आणि खासगी सावकाराच्या २४ टक्क्यांनी १,६३,०००. नौका तीच, बॅटरी तीच, सरोवरही तेच; पण व्याजदर बदलताच फायद्याचा प्रकल्प तोट्यात जातो. डिझेलचा खर्च रोजच्या कमाईतून भागतो, तर बॅटरी म्हणजे दहा वर्षांचे इंधन आगाऊ विकत घेणे. सरकारी विभागाला ते जमते. एका नौकेच्या मालकाला तारण कोठून आणावे हा प्रश्न पडतो. वेग उतरवून २० युनिटांची बॅटरी घेतली तर भांडवल ४ लाखांवर येते आणि २४ टक्क्यांनीही हप्ता १,०९,००० च्या आत बसतो. अर्थात वेग उतरविल्यास डिझेलही वाचते, हे बॅटरीच्या उत्साही समर्थकांनी विसरू नये.

मे २०२१ मध्ये केंद्राने प्रगत बॅटरी घटांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिचा रोख उत्पादकाकडे आहे. नौकामालकाची अडचण पतपुरवठ्याची आहे, म्हणून मला सहकारी मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. धक्क्यावरील नौकामालकांच्या संस्थेने १२ टक्क्यांनी कर्ज घेऊन बॅटऱ्या स्वतःच्या मालकीच्या ठेवाव्या आणि सभासदांना भाड्याने द्याव्या. देखभाल व विमा वगळता प्रत्येक नौकेमागे वर्षाला ३०,००० रुपये उरतात. चार्जिंगची जोडणीही सामाईक राहते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली असल्याने, त्या परत देण्याचा व्यवहार एकेकट्या नावाड्यापेक्षा संस्थेला सोपा जातो.