चिकू, करवंद आणि थंडगार सोडा

[या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.]

बाहेर रणरणतं ऊन आहे आणि आवाज नको म्हणून पंखा बंद ठेवून मी रेकॉर्डिंग करतोय. तेव्हा मधेच घोट घेतल्याचा आवाज आला तर समजून घ्या. आजचा विषयच घोट घेण्याचा आहे.

झालं असं, की तलासरीहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या बचत गटात आहेत आणि उन्हाळ्यात आठवडी बाजारात सरबताचा स्टॉल लावतात. त्यांचं म्हणणं, "दादा, डहाणूचा चिकू आमच्याकडे ढिगानं मिळतो. मिल्कशेक सगळेच विकतात. चिकूचं सोडावालं सरबत का कोणी करत नाही? आम्ही करून बघितलं तर नुसता फेस आला आणि खाली गाळ बसला."

प्रश्न मला फार आवडला, कारण या फेसात आणि गाळातच सगळं उत्तर आहे.

आधी चिकूबद्दल. डहाणू, घोलवड, बोर्डी हा पट्टा चिकूचा. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावानं भौगोलिक मानांकनही मिळालं. घोलवडच्या मातीत कॅल्शियम जास्त, म्हणून चिकूला तो गोडवा, असं सांगतात. या फळाचं मूळ मात्र मध्य अमेरिकेतलं. आपल्या किनाऱ्यावर ते इतकं रुजलं, की डहाणूची वाडी म्हटलं की आता दुसरं झाड डोळ्यांसमोर येत नाही. अडचण एकच. चिकू एकदा पिकला की थांबत नाही. उन्हाळ्यात आज कडक असलेला चिकू परवा हातात घेतला तर बोट आत जातं. माल जास्त झाला आणि गाडी चुकली, की भाव कोसळायला एक दिवस पुरतो. म्हणून चिकूची पावडर आली, चिप्स आल्या, हलवा आला. बोर्डीत हिल झिल वाईन्स या वायनरीनं तर चिकूपासून 'फ्रुझांते' नावाची फसफसणारी वाईन काढली. म्हणजे चिकूत बुडबुडे भरता येतात हे सिद्ध झालेलं आहे. पण वायनरीत टाक्या असतात, गाळण्या असतात, दाब मोजायची यंत्रं असतात. ताईंच्या स्टॉलवर असतो बर्फाचा डबा आणि गाळणं.

तर मग फेस का येतो? सोड्याच्या बाटलीत वायू दाबून विरघळवलेला असतो. त्याला बाहेर पडायला खडबडीत जागा लागते, एखादा कण, एखादी चीर. तुम्ही लिंबू-सोड्यात वरून मीठ टाकलंय ना कधी? ग्लास उतू जातो. मीठ सोड्याशी काही भांडत नाही, मिठाच्या खड्यांवर बुडबुडे धरतात आणि सुटतात, एवढंच. आता चिकूचा गर जिभेवर कसा लागतो ते आठवा. रवाळ. म्हणजे एका ग्लासात लाखो खडबडीत कण. सोडा ओतला की सगळा वायू पहिल्या मिनिटात वर येतो आणि तुमच्या हातात राहतं गोड, गढूळ, सपक पाणी.

पण कण गाळून टाकले तरी काम होत नाही, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चिकूला आंबटपणा नाही. लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं, पिकलेल्या चिकूत अर्धा टक्काही आम्ल नसतं. आणि जगातलं तुम्हाला आवडणारं कुठलंही सोडावालं पेय घ्या, ते आंबट असतं. लिंबू, संत्रं, जिरा-सोड्यातला लिंबू. कोलामध्येसुद्धा फॉस्फोरिक आम्ल घालतात. इराण्याच्या हॉटेलातली ती लालभडक रासबेरी, जिच्यात रासबेरी शोधायला भिंग लागेल, तीही आंबट-गोडच असते. नुसत्या गोडाला सोडा मिळाला की तोंडात चिकटा येतो, तहान भागत नाही. चिकूला दूध मानवतं ते यामुळेच. आंबट नसल्यामुळे दूध फाटत नाही, आणि रवाळपणा दुधात लपून जातो.

मग आंबट आणायचं कुठून? ताईंनी सायट्रिक ॲसिडची पुडी विचारली होती. चालते, वाईट काही नाही. पण तलासरीत बसून पुडी कशाला आणायची, हा माझा प्रश्न.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला समुद्र, त्याला लागून वाड्या, मग रेल्वे. रेल्वे ओलांडून पूर्वेला निघालात की जमीन चढायला लागते, पाडे सुरू होतात, टेकड्या सुरू होतात, आणि मुंबई-अहमदाबाद हायवेवर तलासरी. वाडीत पिकतो चिकू, त्याला मालक असतो, पाणी असतं, बाजारभाव असतो. टेकडीवर पिकतं करवंद. त्याला कोणी पाणी घालत नाही, काटे सोसत आदिवासी बायका-पोरं ती तोडतात आणि एप्रिल-मे महिन्यात रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात घालून विकतात. सकाळी टपोरी दिसतात, संध्याकाळी मऊ पडतात, आणि गिऱ्हाईक हायवेवरून काच वर करून निघून जातं. उरलेल्या करवंदांचं काय होतं? घरी पोरं खातात, बाकीची फेकली जातात.

करवंद आंबट आहे, रंगाला जांभळट लाल आहे, आणि त्याचं सिरप टिकतं. चिकूकडे जे नाही ते सगळं करवंदाकडे आहे. आणि करवंदाकडे जे नाही, तो गुळासारखा वास, तो चिकूकडे आहे. माझ्या मते या जोडीत करवंदाला मोठा वाटा द्यावा. सरबताचं नाव चिकूचं ठेवा हवं तर, गिऱ्हाईक नावाला येतं, पण ग्लास उभा राहतो करवंदावर.

आता कृती. वही घ्या.

पाव किलो करवंदं, बहुतेक पिकलेली काळी, पण मूठभर लालसर अर्धकच्ची असू द्या, आंबटपणा त्यांच्यात जास्त. देठाला पांढरा चीक असतो, म्हणून मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून नीट धुवायची. एक वाटी पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा, फुटली की पातळ फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका. मोह होतो, पण पिळलं की गर उतरतो आणि आपण पुन्हा फेसापाशी येतो. जेवढा रस तेवढीच साखर घालून एक उकळी आणा. चिमूटभर सैंधव याच वेळी घालायचं, ग्लासात वरून नाही. का ते मघाशी सांगितलंच.

चिकू चार, पूर्ण पिकलेले. कच्चट चिकूत टॅनिन असतं, घसा धरतो. साल काढा, बिया मोजून काढा, कारण त्या बीला आकडा असतो आणि तो घशात अडकू शकतो. दीड वाटी उकळून गार केलेलं पाणी आणि एका लिंबाचा रस घालून हातानं कुस्करा. मिक्सर नको, मिक्सरनं कण बारीक होतात आणि फडक्यातून निसटतात. मलमलच्या फडक्यातून गाळून भांडं फ्रिजमध्ये तीन-चार तास हलवायचं नाही. गाळ खाली बसतो, वरचं निवळ मधाच्या रंगाचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. खाली राहिलेला गर फेकू नका, दुधात घाला, खीर करा.

ग्लासात दोन मोठे चमचे करवंदाचं सिरप, तीन मोठे चमचे चिकूचं निवळ पाणी, हे आधी ढवळून घ्या. मग ग्लास तिरका धरून कडेनं गार सोडा, साधारण दीडशे मिली. त्यानंतर चमचा लावायचा नाही. बस.

गार सोडा म्हटलं, त्यावर जरा थांबतो. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. तेच पाणी ३० अंशाला गेलं की जेमतेम ०.७ लिटर. स्टॉलवर उन्हात ठेवलेली सोड्याची बाटली उघडून त्यात बर्फ टाकणं म्हणजे आधी वायू घालवायचा आणि मग उरलेलं पाणी गार करायचं. त्यापेक्षा बाटल्याच बर्फात पुरून ठेवा, सिरप गार ठेवा, मग ग्लासात बर्फ नसला तरी चालतो.

आणि बर्फ घातलाच, तर कुठला? डहाणू हे बंदर आहे, मासळीसाठी बर्फ सगळीकडे मिळतो, स्वस्तही मिळतो. तो खायचा नसतो. २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे, तो याचसाठी. निळसर लादी दिसली तर ती बाटल्यांभोवती ठीक, ग्लासात नाही.

ताईंनी शेवटी आणखी एक विचारलं होतं. सोडा विकत घेण्यापेक्षा सरबतच बाटलीत बंद करून आंबवलं तर आपोआप बुडबुडे येतील ना? त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. येतील, नक्की येतील. आणि इथेच मी हात जोडतो.

आंबवून फसफसणारं पेय तुमच्या भागाला नवीन नाही. ताडाचं, शिंदीचं पाणी मडक्यात ठिबकतानाच आंबायला लागतं. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात आणि ऊन चढायच्या आत उतरवतात. चुना नसला तर दुपारपर्यंत ताडी. तिच्यावरचा फेस हा तोच कार्बन डायऑक्साइड. पण ताडीच्या मडक्याला कोणी कधी घट्ट बूच मारलेलं पाहिलंय?

हिशेब करू. यीस्टनं चार ग्रॅम साखर खाल्ली की साधारण एक लिटर वायू तयार होतो. बाजारातल्या सोड्यात एका लिटरमागे साडेतीन-चार लिटर वायू असतो, आणि एवढ्यानंच ३० अंशाला बाटलीच्या आतला दाब गाडीच्या टायरच्या दुप्पट होतो. तुमच्या एक लिटर सरबतात साखर शंभर ग्रॅम. सगळी आंबली तर पंचवीस लिटर वायू. कुठली बाटली तो धरेल? युरोपातल्या व्हिडिओत स्वयंपाकघर १८-२० अंशांवर असतं, तिथे जे चार दिवसांत होतं ते मे महिन्यात तलासरीच्या पत्र्याखाली एका दिवसात होतं. प्लास्टिकची बाटली निदान फुगून, टणक होऊन सांगते. काचेची सांगत नाही, थेट फुटते, आणि स्टॉलच्या मागे तुमचं पोरगं बसलेलं असतं. शिवाय आंबवलं की थोडी का होईना दारू होते, मग ते सरबत म्हणून शाळेच्या पोरांना विकता येत नाही.

जुनी गोटी सोड्याची बाटली आठवते का? हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८७२च्या सुमारास ती काढली. आतल्या वायूचा दाबच गोटीला रबराच्या कड्यावर घट्ट बसवतो. ती काच किती जाड असायची ते आठवा, म्हणजे दाबाचा अंदाज येईल. सोडा विकतच घ्या. चार पैसे जास्त जातील.

टिकण्याबद्दल दोन वाक्यं. करवंदाचं सिरप आंबट आणि साखरेचं, उकळलेल्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात राहतं. चिकूचं पाणी मात्र त्याच दिवशी संपवायचं. चिकूचा पीएच साधारण ४.६च्या वर असतो, म्हणजे अन्नात विष तयार करणारे जंतू वाढायला तो परवानगी देतो, आणि लिंबू पिळल्यानं तो नेमका किती खाली आला हे घरी कळत नाही. चिकूचा रस बाटलीत भरून शेल्फवर ठेवून विकायचा विचार असेल, तर आधी अन्नसुरक्षेची नोंदणी आणि प्रयोगशाळेतली तपासणी. मधला रस्ता नाही.

आणि हे पेय मजेचं आहे, औषध नाही. वाडीत चिकू उतरवणारा, वीटभट्टीवर काम करणारा माणूस उन्हानं गळून गेला असेल, तर त्याला सोडा देऊ नका, पोट फुगतं आणि पाणी कमी जातं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, तेच घोटाघोटानं. त्याला सावलीत न्या. बडबडायला लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर पाजत बसू नका, दवाखाना.

ताई, तुमच्या स्टॉलसाठी माझा हिशेब असा. बाजारच्या आदल्या संध्याकाळी, द्रोण विकून उरलेली करवंदं बायकांकडून घ्या, भाव पाडून नाही, सकाळच्याच भावानं. तुम्हाला मऊ पडलेलीच हवी आहेत, त्यांना ती परत डोंगर चढून न्यायची नाहीत. सिरप रात्री, चिकू पहाटे, सोडा बर्फात.

मे संपता संपता करवंद संपेल आणि जांभळं येतील. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळालाही आता मानांकन मिळालंय. जांभूळ करवंदापेक्षा कमी आंबट आणि जास्त तुरट, तेव्हा लिंबू वाढवा, साखर थोडी कमी करा, आणि बी आधी काढा, बीसकट शिजवलं तर कडू होतं. बाकी कृती तीच. करून पाहा, आणि फेस आला की नाही ते व्हॉइस मेसेजवर कळवा.